लक्ष्मी रस्ता वाहनमुक्त करण्यासारखे निर्णय महापालिकेत कोण घेतं? रहिवासी, दुकानदारांचं ऐकतात का?

पुण्यात अशा प्रस्तावाला पैसा लागणार असेल तर तो आधी 16 सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातो. धोरण ठरवायचं असेल तर सगळ्या नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेत. तिथे प्रेक्षक सज्जात बसून ऐकता येतं, बोलता येत नाही. त्यामुळे आपलं म्हणणं नगरसेवकाच्या तोंडून जायला हवं, तेही विषयपत्रिका निघण्याआधी. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, तेव्हा तीही वाट बंद होती.

खरी कायदेशीर संधी वेगळीच असते. विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्यात, फेरबदल करायचा असेल तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 नुसार जाहीर सूचना काढून हरकतींसाठी महिनाभर द्यावा लागतो. ती कोपऱ्यातली जाहिरात कोणी वाचत नाही, ही गोष्ट निराळी! हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला जा. नुसतं ‘विरोध आहे’ लिहू नका. मालाचा टेम्पो किती वाजता लागतो, वाड्यातल्या आजारी माणसाला रिक्षा दारापर्यंत कशी आणायची, हे लिहा.

पथारीवाल्यांसाठी 2014 च्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात किमान 40 टक्के जागा त्यांच्याच प्रतिनिधींच्या.