राग आला म्हणून घर घेऊ नका

वाचकांचे प्रश्न : घर, भाडं, कर्ज

प्रश्न : ताई, गोव्यात पर्वरीला आम्ही टू बीएचके फ्लॅटमध्ये सहा वर्षं भाड्याने राहतो. सुरुवातीला भाडं १२,००० होतं, वाढत वाढत १५,००० झालं. त्याबद्दल आम्ही कधी कुरकुर केली नाही. या वेळी करार संपायला वीस दिवस असताना घरमालकाचा फोन आला, "पुढच्या महिन्यापासून २२,००० द्या, नाहीतर फ्लॅट खाली करा. टुरिस्टांना रोजावर दिला तर मला याच्या दुप्पट मिळतात." मिस्टर पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत, मी म्हापशात खासगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून हातात ८२,००० येतात. मुलगी तिसरीत आहे. याच बिल्डिंगमध्ये असाच एक फ्लॅट ६० लाखांना विकायला निघालाय. सासूबाई म्हणतात, सहा वर्षांत दहा लाख दुसऱ्याच्या घशात घातलेत, आता तरी शहाणे व्हा. आमच्याकडे ९ लाख साठलेत. गावी सत्तरी तालुक्यात घर आहे, पण ते तीन भावांचं. फ्लॅट घेऊन टाकावा का? या फोनपासून मला झोप नाही.
— एक शिक्षिका, पर्वरी

उत्तर : बाई, आधी तो ६० लाखांचा फ्लॅट डोक्यातून काढा. निदान या महिन्यात तरी. तुम्हाला घर घ्यायचंय त्याचं कारण आज तरी तो फोन आहे, आणि वीस दिवसांच्या धमकीवर वीस वर्षांचं कर्ज उचलायचं नसतं.

मी पणजीत एका बँकेच्या गृहकर्ज विभागात बरीच वर्षं काढली. घरमालकाशी भांडण झालं की लोक थेट आमच्या टेबलावर यायचे. अशा घाईतल्या कर्जांचे हप्ते पुढे कसे ओढाताणीत गेले ते मी जवळून पाहिलंय. म्हणून तुमचा हिशेब इथेच मांडते.

६० लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४८ लाख. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत, तो वेगळा. म्हणजे तुमच्या पदरचे १२ लाख, वर दस्ताचा आणि वकिलाचा खर्च. तुमच्याकडे आहेत ९. उरलेले सोनं मोडून किंवा वैयक्तिक कर्ज काढून उभे करणार, असंच ना? व्याजदर साडेआठ टक्के धरला तर ४८ लाखांचा वीस वर्षांसाठी हप्ता येतो साधारण ४१,६५० रुपये. तुमच्या दोघांच्या पगारातला निम्मा. वर सोसायटीचा मेन्टेनन्स, घरपट्टी, आणि पर्वरीत राहता म्हणजे उन्हाळ्यात टँकरचे पैसे आलेच. बँक कदाचित कर्ज मंजूरही करील. पण बँक किती देते आणि तुम्हाला किती झेपतं, हे दोन निराळे आकडे आहेत. दर तरता, म्हणजे वरखाली होणारा असतो हेही विसरू नका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ एवढ्या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा कितीतरी जणांच्या कर्जाची मुदत त्यांच्या निवृत्तीच्या पलीकडे गेली होती.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांची कळकळ खरी आहे. पण तुमच्या त्या पहिल्या ४१,६५० च्या हप्त्यात व्याज किती असेल? ३४,०००. मुद्दल फिटतं साडेसात हजारांच्या आसपास. व्याजाचे ते ३४,००० परत येत नाहीत, भाड्यासारखेच गेले. शिवाय मालक आज मागतो ते २२,००० सुद्धा वर्षाला २ लाख ६४ हजार होतात, म्हणजे त्या ६० लाखांच्या मालमत्तेवर ४.४ टक्के. जे घर तुम्हाला साडेचार टक्क्यांत राहायला मिळतं, ते विकत घ्यायला साडेआठ टक्क्यांनी पैसे उचलावे लागतील. सहा वर्षं त्या दहा लाखांत तुम्ही डोक्यावर छप्पर घेतलंत, मुलीला तिच्या शाळेजवळ ठेवलंत, आणि ९ लाख बाजूला टाकलेत. हे पैसे वाया गेले असं मला कोणी म्हटलेलं चालणार नाही. सासूबाईंना हा हिशेब कागदावर दाखवा, त्यांनाही पटेल.

वाया जातो तो जीव. दर अकरा महिन्यांनी फोनची वाट बघायची, मुलीची शाळा बदलावी लागेल का याची धास्ती, नवा पडदा घ्यावा की नको इथपर्यंत विचार. यावर इलाज करायला हवा, आणि तो कराराच्या मुदतीत आहे.

अकरा महिनेच का, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा उपनिबंधकाकडे नोंदवावा लागतो. ते टाळायला अकरा महिन्यांची पळवाट निघाली, आणि आता ती रीतच झाली. पण जास्त मुदतीचा करार करायला कायद्याची काहीच आडकाठी नाही. तेव्हा मालकाकडे जा, फोनवर बोलू नका. दोघंही जा. त्यांना सांगा : तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स (भाडेपट्ट्याऐवजी राहण्याची परवानगी देणारा) करार करू, तो नोंदवू, नोंदणीचा खर्च आम्ही सोसतो. पहिल्या वर्षी १८,०००, मग दरवर्षी ६ टक्के वाढ, म्हणजे तिसऱ्या वर्षी २०,२००च्या पुढे. आम्हाला निघायचं असेल किंवा तुम्हाला फ्लॅट हवा असेल तर दोन महिन्यांची लेखी नोटीस. ही सगळी वाक्यं करारात जशीच्या तशी लिहून घ्या. तोंडी वाढ, तोंडी मुदत यातलं काही स्वीकारू नका.

'दुप्पट मिळतात' यावर त्यांच्याशी वाद घालू नका, शांतपणे विचारा. रोजावर खोल्या द्यायच्या तर पर्यटन खात्याकडे १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. जून ते सप्टेंबर पावसात किती रात्री भरतील? चादरी कोण धुणार, रात्री दोनला आलेल्या पाहुण्याला किल्ली कोण देणार, बुकिंगच्या कंपनीचं कमिशन किती, सोसायटीचे शेजारी काय म्हणतील? बार्देशात समुद्राकाठच्या गावात हे गणित जमतही असेल. पर्वरीतल्या फ्लॅटला वेळेवर भाडं देणारं, सहा वर्षांत एकही तक्रार न आलेलं कुटुंब मिळणं ही मालकासाठी साधी गोष्ट नाही. हे तुमचं बळ आहे, ते ओळखा.

नाहीच ऐकलं तर? मुदत संपल्यावर अडून बसून भांडू नका, मुलगी लहान आहे. पण परस्पर कुलूप बदलणं किंवा वीज-पाणी तोडणं हा कायद्याचा मार्ग नव्हे, आणि घर शोधायला एक-दोन महिने मागणं हे भीक मागणं नाही. तेवढे लेखी मागून घ्या.

घर तुम्ही घ्याच, पण आकडा बदला. पगाराच्या ३५ टक्क्यांपलीकडे हप्ता नको, म्हणजे २८,७०० च्या आत. त्यात साधारण ३३ लाख कर्ज बसतं, म्हणजे ४१-४२ लाखांचं घर. पदरचे साडेआठ लाख, दस्ताचा खर्च आणि वर थोडी शिल्लक धरून तेरा लाख हाताशी हवेत. ९ आहेत. महिन्याला १२,००० टाकलेत तर तीन वर्षांत चार लाखांवर जमतात. म्हणून तो तीन वर्षांचा करार. तोवर रविवारी अस्नोडा, थिवी, डिचोली या बाजूला हिंडून घरं बघत राहा. पिळर्ण तिथून रोजच्या येण्याजाण्याच्या टप्प्यात आहे. पर्वरीच हवी हा हट्ट सोडलात तर पुष्कळ वाटा मोकळ्या होतात.

आणि जुना फ्लॅट घेणार असाल तर गोव्यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण कागद इथेच अडतात. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक. म्हणजे विकणाऱ्याच्या एकट्याच्या सहीला अर्थ नाही, बायकोचीही सही हवी. मूळ मालक वारले असतील तर सगळे वारस, आणि वारसांचे नवरे-बायकोसुद्धा. एक फाईल मला अजून आठवते : तीन भावंडं, धाकटा लिस्बनला. भावंडांच्या सह्या सगळ्या झालेल्या, लिस्बनच्या सुनेचं मुखत्यारपत्र मात्र नव्हतं. घेणाऱ्याने बयाणा देऊन टाकला होता, आम्ही कर्ज थांबवलं, आणि तो बिचारा वर्षभर दोन्हीकडून अडकला. म्हणून वारसाचा दस्त किंवा इन्व्हेंटरीचा (वारसांमधल्या वाटणीचा) कोर्टाचा आदेश बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. सोबत ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला), बोजा नसल्याचा दाखला, सोसायटी नोंदलेली आहे की नाही, एवढं तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर गोवा रेराचा (बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक बघा. विक्रीचा करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आणि त्यावर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर नाही.

गोव्याच्या त्या नागरी कायद्यात तुमच्यासाठी एक दिलाशाची बाजूही आहे. तुमचं लग्न गोव्यात नोंदलेलं असेल आणि आधी वेगळा करार नसेल, तर पुढे घर मिस्टरांच्या नावावर झालं तरी अर्धं तुमचंच. तरीही दस्तात दोघांची नावं घाला.

प्रश्न : मी बांद्याचा, वेर्ण्यात औषधांच्या कंपनीत काम करतो. खोली सोडून दोन महिने झाले. ३०,००० डिपॉझिट होतं. मालक म्हणतो, रंगात गेले. काय करू?
— एक वाचक, वेर्णा

उत्तर : रोजच्या वापराने भिंतीचा रंग उतरतो, त्याची भरपाई डिपॉझिटातून कापायची तर तसं करारात लिहिलेलं हवं. तुमचा करार काढून ते कलम बघा. लिहिलेलं नसेल तर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा : किल्ली कधी दिली, डिपॉझिट कशातून दिलं, किती दिवसांत परत हवं, आणि रंगाचं बिल असेल तर त्याची प्रत. भाड्याच्या यूपीआय पावत्या जोडा. बरेच जण एवढ्याने पैसे देतात. नाही दिले तर वकिलाची नोटीस. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा काढला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत नको असं म्हटलंय. पण तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून मालकाशी बोलताना त्याचा आधार घेऊ नका. तुमचा आधार तुमचा करार. पुढच्या खोलीत शिरताना पहिल्याच दिवशी भिंती, नळ, वीजमीटर यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर टाका.

प्रश्न : माझं वय ६८. फातोर्ड्याला मिस्टरांच्या मागे राहिलेला फ्लॅट बंद आहे. मुलं परदेशात. भाड्याने द्यावा तर भाडेकरू निघतच नाहीत असं ऐकते. बंदच ठेवू का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमची भीती पोकळ नाही. १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा, १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा) कायदा यांनी गरिबाला बेघर होण्यापासून वाचवलं, ते आवश्यकच होतं. पण त्यानंतर मालकांनी दारं लावून घेतली ती लावलीच. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं दर पाचातलं एक घर रिकामं निघालं. एकीकडे ही कुलपं, दुसरीकडे वर पत्र लिहिणारी शिक्षिका. मला याचा खरोखर त्रास होतो.

लिव्ह अँड लायसन्समध्ये भाडेकरूला भाडेपट्ट्याचा हक्क मिळत नाही, फक्त वापरण्याची परवानगी मिळते. मात्र कागदावर नुसतं नाव लिहून भागत नाही. कराराचा खरा आशय बघायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितलंय. म्हणून वकिलाकडून मसुदा करून घ्या, बाजारात मिळणारा छापील फॉर्म नको.

बंद घराची घरपट्टी आणि सोसायटी तुम्ही भरताच आहात, आणि पावसाळ्यात बुरशी चढते ती वेगळीच. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे कराची धास्ती नको. फ्लॅटचा वारसा तुमच्या आणि मुलांच्या नावे लागलाय का ते आधी बघा. नसेल तर मुलांचं मुखत्यारपत्र मागवा. मग कुटुंब निवडा, नोकरीचा दाखला आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर घ्या, करार नोंदवा, पोलिस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज द्या, आणि त्याची पोच हातात आल्यावरच किल्ली द्या.