संकटात प्रार्थनाच सुचत नसेल तर
ताई, भीती वाटली म्हणजे विश्वास संपला असं अजिबात नाही हं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र काढ, सहाच ओव्या आहेत, दावीद राजा सुरुवातीलाच देवाला विचारतो की अजून किती काळ मला विसरणारेस, आणि तेच चार वेळा विचारतो, मग शेवटी भरवशावर येतो. ८८वं तर अंधारातच संपतं, तरी ते बायबलमध्ये आहेच ना! म्हणून देवाशी भांड, रड, पण बोलणं बंद करू नकोस. आणि जेव नीट, झोप पण. बायबलमधला एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर-पाणी दिलं, प्रवचन नाही (आपल्यातल्या काहींनी शिकायला हवं). औषधं चालू असतील तर चालूच ठेव, पाळकांनाही (चर्चच्या धर्मगुरूंना) घरी बोलव.