वाचकांचे प्रश्न : वारशावरचा कर

प्रश्न : तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधे बाहेरून आणायला सांगतात. कोट्यधीशांच्या वारशावर कर बसवून हा पैसा उभा करता येणार नाही का? असा कर पूर्वी होता म्हणतात; मग तो का गेला?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : हो, होता. इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेवरचा कर, 15 ऑक्टोबर 1953 पासून सुरू झाली आणि 16 मार्च 1985 पासूनच्या मृत्यूंसाठी बंद झाली. शेवटी 20 लाखांवरच्या टप्प्याला 85 टक्के दर होता, तरी वर्षाची वसुली जेमतेम 20 कोटी. तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी रद्द करताना हेच सांगितले : वसुली थोडी, त्या मानाने खर्च फार, शिवाय एकाच मालमत्तेवर हयातीत संपत्ती कर आणि मृत्यूनंतर हा, असा दुहेरी जाच.

खरी गळती बक्षिसांत, म्हणजे हयातीत कुणाला देऊन टाकलेल्या मालमत्तेत, होती. मृत्यूआधीच्या दोन वर्षांत दिलेलेच इस्टेटीत धरत. त्याआधी वाटून टाकलेले या करातून सुटे. आता तर वेगळा बक्षीस करही नाही (1998 पासून), आणि जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या बक्षिसावर आयकर नाही. त्यामुळे नुसता मृत्यूनंतरचा कर आणला, तर जे हयातीतच वाटप करतील ते सुटतील आणि अचानक गेलेल्यांची कुटुंबे सापडतील.

आयर्लंडने हे चांगले सोडवले आहे. तिथे कर मृताच्या इस्टेटीवर नसून घेणाऱ्यावर आहे. आईवडिलांकडून 5 डिसेंबर 1991 नंतर मिळालेली बक्षिसे आणि वारसा एकत्र मोजतात. बेरीज 4 लाख युरोंच्या वर गेली की वरच्या रकमेवर 33 टक्के. फरक हिशोबात पाहा. समजा 12 कोटींची इस्टेट, चार मुले, सूट 5 कोटी. इस्टेटीवर कर असेल तर 7 कोटींवर बसेल. घेणाऱ्यावर असेल तर प्रत्येकाला 3 कोटी, म्हणजे कर शून्य. एकुलत्या वारसाला मात्र 7 कोटींवर भरावा लागेल. आम्हाला हीच पद्धत न्याय्य वाटते.

तुमच्या दवाखान्यासाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. आरोग्य राज्यांचा विषय. जुन्या ड्यूटीची वसुली केंद्र करी, पण रक्कम राज्यांना मिळे. आज असा केंद्रीय कर आला तर तो वाटपाच्या सामायिक निधीत जाईल आणि त्यातले 41 टक्के राज्यांना मिळतील. तोच ‘उपकर’ (ठरावीक कामासाठी वेगळा लावलेला कर) म्हणून आला तर त्यात राज्यांचा वाटा नसतो. म्हणून दराइतकेच नावाकडेही लक्ष हवे. शेतजमिनीच्या वारशावर कर बसवण्याचा अधिकार मात्र घटनेने राज्यांनाच दिला आहे.

प्रश्न : आईच्या मागे तिचा ठाण्यातला फ्लॅट मला मिळाला. कर भरावा लागेल?

उत्तर : मिळाला म्हणून नाही. विकाल तेव्हा भांडवली नफ्यावर लागेल. इथे नेहमीची चूक म्हणजे आईच्या मृत्यूच्या दिवसाची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरणे. आईने मोजलेली किंमत आणि तिचीच खरेदीची तारीख धरायची. खरेदी 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या दिवसाचे मूल्य घेता येते, पण मुद्रांक शुल्कासाठी सरकारने त्या दिवशी धरलेल्या मूल्यापेक्षा जास्त नाही. दर 12.5 टक्के. घर 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेले आणि तुम्ही भारतात निवासी असाल, तर महागाई निर्देशांक लावून (म्हणजे खरेदीकिंमत महागाईनुसार वाढवून) 20 टक्क्यांनीही हिशोब करा आणि कमी येईल तो भरा. आईचा नोंदणीकृत करारनामा आणि दुरुस्तीच्या मोठ्या कामांच्या पावत्या आत्ताच शोधून ठेवा.