‘फर्निचर’ कोणत्या कप्प्यात?

प्रश्न असा आहे: “मुलीच्या इंग्रजी व्याकरणात नामाचे पाच प्रकार दिलेत. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरिअल आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. मराठीच्या तासाला मात्र तीनच. मग खरं कोणतं? आणि ‘फर्निचर’ हा शब्द यांपैकी कुठे टाकायचा? मार्गदर्शकात तो कलेक्टिव्ह दिलाय, शिकवणीच्या बाई कॉमन म्हणतात, आणि मुलगी म्हणते, लाकूड मटेरिअल असेल तर फर्निचरही मटेरिअलच.”

तिघांत मला मुलीचं उत्तर सगळ्यात आवडलं. चुकलंय, पण विचार करून चुकलंय. मटेरिअल नाम हे ज्यापासून वस्तू घडते त्या द्रव्याचं नाव. लाकूड, लोखंड, कापूस ही द्रव्यं. खुर्ची लाकडाची असते म्हणून ‘खुर्ची’ हे काही द्रव्याचं नाव होत नाही, तसंच फर्निचरचं. उद्या ते प्लॅस्टिकचं केलं तरी फर्निचरच राहील.

आता पाच की तीन. यात भांडण नाही, हिशेब वेगळा मांडलाय एवढंच. मराठी व्याकरणकार आधी बघतो की नाव एखाद्या गुणाचं आहे की तो गुण ज्याच्या अंगी आहे त्याचं. गुण म्हणजे धर्म, आणि तो धारण करणारा तो धर्मी. ‘गोडवा’, ‘शौर्य’, ‘मैत्री’ ही धर्मवाचक, म्हणजे आपली भाववाचक नामं. उरलेली धर्मिवाचक, आणि त्यांत दोन भाग: सामान्यनाम आणि विशेषनाम. कळप, थवा, जुडगा ही समूहवाचक नावं आणि सोनं, पाणी ही पदार्थवाचक नावं सामान्यनामाच्याच पोटात जातात. इंग्रजी शालेय व्याकरणानं ही दोन पोटातली लेकरं बाहेर काढून वेगळी मांडली. तीन आणि दोन, झाले पाच.

माझं खरं भांडण आहे ते या पाच कप्प्यांशी. ते एका मापानं पाडलेलेच नाहीत. प्रॉपर आणि कॉमन हा भेद नाव एकाचं की अनेकांचं यावर, मटेरिअल द्रव्य आहे का यावर, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट हाताला लागतं का यावर. म्हणजे पुस्तकं लावताना ‘जाड’, ‘कवितांची’ आणि ‘निळ्या पुठ्ठ्याची’ असे तीन ढीग करायला सांगण्यासारखं झालं. जाड, निळ्या पुठ्ठ्याचा कवितासंग्रह हातात आला की पोर गोंधळणारच. ‘टीम’ कॉमनही आहे आणि कलेक्टिव्हही. ‘युनायटेड नेशन्स’ तर प्रॉपर, रूपानं अनेकवचनी, अर्थानं समूह, आणि क्रियापद घेतं एकवचनी!

जाता जाता ‘प्रॉपर’बद्दल. शाळेत असताना मला वाटायचं, ही नामं ‘प्रॉपर’ म्हणजे बाकीची जरा बेशिस्त असणार. इथल्या ‘प्रॉपर’चा अर्थ ‘नीटनेटकं’ असा नाहीच. लॅटिनमध्ये ‘प्रोप्रिउस’ म्हणजे स्वतःचं, ज्याचं त्याचं. ‘प्रॉपर्टी’ त्याच मुळातून आली. ज्याचं त्याचं नाव ते प्रॉपर, सगळ्यांत सामाईक ते कॉमन. हा भेद इंग्रजांचा नव्हे, दिओनिसिओस थ्राक्सच्या ग्रीक व्याकरणात तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच आहे. आपले ‘विशेष’ आणि ‘सामान्य’ हे शब्द मला जास्त बोलके वाटतात, कारण त्यांत शिस्तीचा घोळ होत नाही.

मोठ्या अक्षरावरून विशेषनाम ओळखायची सवय मात्र मोडायला हवी. ते लिपीच्या रिवाजाचं काम आहे. इंग्रजीत वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावं मोठ्या अक्षरानं सुरू होतात, फ्रेंचमध्ये ती लहान अक्षरानं लिहितात, आणि जर्मनमध्ये झाडून सगळी नामं मोठ्या अक्षरानं. देवनागरीत तर लहानमोठं अक्षरच नाही, म्हणून आपल्याकडे विशेषनामं नाहीत असं थोडंच आहे? गंमत म्हणजे वॅट, अँपिअर आणि व्होल्ट ही एककं माणसांच्या नावांवरून आली, तरी इंग्रजीत पूर्ण शब्द लिहिला तर पहिलं अक्षर लहान. माणसाचं नाव एककाचं नाव झालं आणि विशेषाचं सामान्य होऊन बसलं.

आता कलेक्टिव्ह. मार्गदर्शकानं फर्निचर तिथे का टाकलं असेल ते समजतं. खुर्च्या, टेबलं, कपाटं मिळून फर्निचर, म्हणजे समूह आलाच. पण समूहवाचक नामाची एक साधी परीक्षा आहे: समूह स्वतः मोजता येतो का? एक टीम, दोन टीम्स. एक कळप, चार कळप. किल्ल्यांचा एक जुडगा, दुसरा जुडगा. फर्निचर इथे नापास होतं. ‘टू फर्निचर्स’ इंग्रजीत कुणी म्हणत नाही. दोन घरांतलं फर्निचर एकत्र केलं तरी ते फर्निचरच, ‘फर्निचर्स’ नव्हे.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याला सगळ्यात उपयोगाचा भेद या पाचांत नाहीच. तो आहे काउंटेबल आणि अनकाउंटेबल, म्हणजे मोजीव आणि अमोज असा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारानं इंग्रजीतला हा भेद ठसठशीतपणे मांडला. इंग्रजीत मोजीव नाम एकवचनात सहसा उघडं उभं राहू शकत नाही. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’ असं काहीतरी लागतं. आपण ‘खुर्ची घेतली’ म्हणून मोकळे होतो, इंग्रजीत नुसतं ‘आय बॉट चेअर’ चालत नाही, ‘आय बॉट फर्निचर’ मात्र चालतं. पुढे ‘मेनी’ की ‘मच’ हेही यावरच ठरतं. नाम प्रॉपर की मटेरिअल हे न सांगता आलं तरी वाक्य चुकेलच असं नाही, पण ते मोजीव की अमोज हे कळलं नाही तर वाक्य चुकतंच.

मराठी माणसाला हा भेद जड जातो त्याचं एक कारण ‘किती’ हा शब्द. किती मुलं? किती पाणी? किती वेळ? आपल्याला सगळीकडे एकच ‘किती’ पुरतो. ‘पुष्कळ’, ‘खूप’, ‘भरपूर’ यांचंही तेच. इंग्रजाला तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं, हाऊ मेनी की हाऊ मच. आपल्या कानाला तशी सवय लागतच नाही. आपली सवय लिंगाची. टेबल ‘ते’, बस ‘ती’, ट्रक ‘तो’ हे कुणी न शिकवता जमतं, आणि इंग्रजी बोलणारा त्यावर डोकं धरून बसतो.

पण आपला कान अगदीच अडाणी नाही. ‘सामान’ घ्या. “दोन सामानं उचल” असं कुणी म्हणतं का? आपण म्हणतो “सामानाचे दोन नग.” हा ‘नग’ म्हणजे इंग्रजी ‘पीस’च. लगेजचे दोन पीस म्हणजे सामानाचे दोन नग, मांडणीसकट तेच. ‘माहित्या’ हा शब्द ऐकून मुलगी हसेल. ‘इन्फर्मेशन्स’ ऐकून इंग्रजी कानाला तसंच हसू येतं. आणि फर्निचर तर आपण मराठीत घेतानाही अमोजच घेतलं. नवं फर्निचर आलं, सगळं फर्निचर हलवलं. ‘फर्निचरं’ ऐकलंय कधी?

मला वाटतं, बऱ्याच चुका होतात त्या इंग्रजी शब्दाला चुकीचा मराठी जोडीदार दिल्यामुळे. ‘इक्विपमेंट’ म्हणजे ‘उपकरणं’ असं पाठ केलं की हातून ‘इक्विपमेंट्स’ लिहिलं जाणारच. तेच ‘साधनसामग्री’ असं शिकवलं की प्रश्न मिटला, कारण सामग्री आपणही मोजत नाही. ‘मशीन’ला यंत्र, ‘मशिनरी’ला यंत्रसामग्री. ‘स्टेशनरी’ला लेखनसाहित्य. ‘मनी’ म्हणजे ‘पैसे’ नव्हे, ‘पैसा’. “खूप पैसा कमावला” यातला पैसा एकवचनी आणि अमोज आहे. ‘वर्क’चंही तसंच. “मला एक काम आहे” याचं ‘आय हॅव अ वर्क’ करणारे पदवीधर मी पाहिलेत. पण “खूप काम आहे” आणि “खूप कामं आहेत” यांत फरक आपल्यालाही कळतो. पहिलं काम म्हणजे वर्क, दुसरी कामं म्हणजे टास्क किंवा जॉब. ‘वर्क्स’ लिहिलं तर अर्थच पालटतो, ते एखाद्या लेखकाच्या कलाकृती होतात नाहीतर कारखाना.

काही ठिकाणी मात्र आपला कान सरळ दगा देतो, तिथे पाठांतराला पर्याय नाही. सल्ला, बातमी, पुरावा, गृहपाठ हे मराठीत खुशाल मोजता येतात: दोन सल्ले, चार बातम्या, तीन पुरावे. इंग्रजीत अ‍ॅडव्हाइस, न्यूज, एव्हिडन्स, होमवर्क हे चारही अमोज. ‘न्यूज’ तर शेवटी ‘स’ मिरवून फसवतो आणि क्रियापद एकवचनी घेतो. केसांचं आणखी वेगळं. आपले केस गळतात, पांढरे होतात, सगळं अनेकवचनात. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून ‘हेअर इज’, पण कोटावर पडलेला एकच केस दिसला की ‘अ हेअर’. उलट चष्मा आणि कात्री आपल्याला एक, त्यांना कायम अनेक.

मग वस्तूतच काही असतं का, की ती मोजीव ठरावी? फारसं नाही. खुर्च्या-टेबलं सगळीकडे तीच. फ्रेंचमध्ये फर्निचरचा एकेक नग दाखवणारा शब्द आहे आणि तो बिनदिक्कत मोजतात. फ्रेंच लोक ‘इन्फर्मेशन’ या शब्दाचंही अनेकवचन करतात, आणि इंग्रजीनं तो शब्द फ्रेंचमधूनच उचललाय! आपल्याकडेच बघा: गहू दळले, पण ज्वारी दळली. दाणे दोन्हींत असंख्य, एक धान्य अनेकवचनात आणि दुसरं एकवचनात. इंग्रजीत असाच विरोध ‘व्हीट’ आणि ‘ओट्स’मध्ये आहे. कारण विचारून फायदा नाही, रूढी आहे.

रूढी बदलतेही. वाटाण्याला इंग्रजीत पूर्वी ‘पीझ’ म्हणत. हा शब्द मुळात एकवचनीच, लॅटिन ‘पिसुम’वरून आलेला. पण शेवटचा ‘झ’ लोकांच्या कानाला अनेकवचनाचा प्रत्यय वाटला. ‘पीझ’ अनेकवचन असेल तर एक दाणा म्हणजे ‘पी’ असणार, अशा हिशेबानं सतराव्या शतकाच्या सुमारास ‘पी’ हा शब्द जन्माला आला. इंग्रजांच्या पोरांनी केलेली चूक आज शब्दकोशात आहे. आपल्या पोरांचं ‘फर्निचर्स’ अजून तरी तिथवर पोचलेलं नाही.

आणखी एक लक्षात असू द्या. मोजीव-अमोज हे शिक्के शब्दावर कायमचे मारलेले नसतात, अर्थावर मारलेले असतात. ‘ग्लास’ म्हणजे काच असेल तर अमोज, पेला असेल तर मोजीव. ‘पेपर’ कागद असताना अमोज, वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका झाला की मोजीव. ‘आयर्न’ धातू असताना अमोज, इस्त्री झाली की मोजीव. ‘एक्स्पीरियन्स’ म्हणजे नोकरीचा अनुभव अमोज, प्रवासात आलेले दोन अनुभव मोजीव. मटेरिअल आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट या कप्प्यांतले शब्द असे सारखे इकडून तिकडे उड्या मारतात, म्हणूनच ‘मटेरिअल नामाचं अनेकवचन होत नाही’ हा सरसकट नियम मला पटत नाही.

भाववाचकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आपले -पणा, -ता, -त्व, तसे त्यांचे -नेस, -टी, -शिप, -हुड. हा ‘हुड’ म्हणजे डोक्यावरची टोपी नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ स्थिती, अवस्था असा होता, आणि पुढे तो नुसता प्रत्यय उरला.

समूहवाचकांच्या लांबलचक याद्या मुलीला पाठ करायला लावल्या असतील तर तेवढ्यावरून मात्र तिची सुटका करा. कावळ्यांचा ‘मर्डर’, सिंहांचा ‘प्राइड’ वगैरे. यांतले बरेच शब्द 1486 साली इंग्लंडात छापलेल्या, शिकारीवरच्या एका पुस्तकातल्या यादीत सापडतात, आणि कितीतरी तेव्हाही मौजेखातरच असावेत. रोजच्या बोलण्यात कावळ्यांचा थवा ‘फ्लॉक’च. त्यापेक्षा ‘टीम’ नंतर ‘इज’ की ‘आर’ हे समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात, संघ एक म्हणून पाहिला तर ‘इज’, खेळाडू सुटे सुटे पाहिले तर ‘आर’. अमेरिकेत बहुधा ‘इज’च. ‘पोलीस’ला मात्र दोन्हीकडे ‘आर’, मराठीत “पोलीस आले” म्हणतो तसंच.

तर मूळ प्रश्न. परीक्षेत पाचांतूनच एक निवडायचा असेल तर ‘फर्निचर’पुढे कॉमन लिहावं. बाईंचं बरोबर आहे. मोजीव की अमोज असं विचारलं तर अमोज. आणि मुलीला आणखी सराव हवा असेल तर ‘कटलरी’, ‘ट्रॅफिक’ आणि ‘जंक’ हे तीन शब्द द्या, पण आधी प्रत्येकाला मराठीत जोडीदार शोधायला सांगा. ‘ट्रॅफिक’ला तिनं ‘गाड्या’ म्हटलं तर थांबवा. ‘रहदारी’ म्हटलं तर पुढे काही सांगायची गरज नाही.