मुलीला क्लासची नाही, परवानगीची गरज आहे

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या रोबोटिक्स क्लबमध्ये चालत्या रोबोचे सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यापासून लिहिण्यात तिचा वेळ जातो, म्हणून आपण तिचे तिथे जाणे बंद केले, आणि आता तिला कोणता क्लास लावावा, असे आपण मुलुंडहून विचारले आहे. तिच्या गुणांची मला चिंता नाही. चिंता आहे ती या मनाईची. आपल्या पत्रात पुतण्याच्या पॅकेजचा उल्लेख तीनदा येतो, मुलीचे म्हणणे मात्र एकाच वाक्यात: ‘कॅमेरा जोडल्यापासून रोबो अडखळतो, म्हणून सगळे थरांत मांडायचे आहे.’ त्याचा अर्थ आपण तिला विचारलेला दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटले.

पुन्हा लिहिणे म्हणजे आधीचे वाया गेले, ही आपली समजूत चुकीची आहे. सगळे काम एकाच प्रोग्रॅममध्ये एकापाठोपाठ चालत असेल, तर कॅमेऱ्याचे चित्र तपासून होईपर्यंत मोटरची आज्ञा खोळंबते. मार्ग आखायला सेकंदभर लागला तरी चालते. मोटरचे नियंत्रण मात्र बहुधा सेकंदाला शेकडो वेळा आणि वेळच्या वेळी व्हावे लागते. म्हणून तळाला मोटर व सेन्सर, मध्ये अडथळा टाळण्यासारख्या कृती आणि वर नियोजन असे थर करतात, आणि वरचा थर अडला तरी खालच्याने रोबोला सुरक्षित थांबवावे अशी सोय ठेवतात. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत घडलेला ‘शेकी’ हा रोबो आधी योजना आखून मग हालचाल करी आणि त्यामुळे अतिशय संथ होता. १९८६ मध्ये रोबोशास्त्रज्ञ रॉडनी ब्रूक्स यांनी खालचे थर वरच्यांची वाट न पाहता चालतील अशी रचना मांडली. आपली मुलगी याच प्रश्नापर्यंत स्वतःच्या हाताने काम करत पोहोचली आहे, आणि कोणत्याही क्लासच्या प्रमाणपत्राहून मी हे मोठे मानतो.

पुढे गेट परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोलचे एम.टेक. करता येते, मात्र तिच्या शाखेला तिथे प्रवेश आहे का, हे आधी पाहावे; तिथल्याच ‘ई-यंत्र’ या रोबोटिक्स स्पर्धेची माहितीही तिने घ्यावी. तोवर सी प्लस प्लस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि आरओएस (रोबोच्या सॉफ्टवेअरचे भाग जोडणारी तयार साधने) पक्के करावे, आणि प्रत्येक थराला लागणारा वेळ मोजून नोंदवून ठेवावा.

क्लास लावू नका. मनाई आजच उठवा, थरांचा आराखडा तिच्याकडून कागदावर समजून घ्या, आणि परीक्षेच्या दिवसांत क्लबला किती वेळ द्यायचा, हे तिलाच ठरवू द्या.