सौर प्रकल्पांमुळे मागास भागातली उत्पन्नाची विषमता कमी होते का?

जिल्ह्या-जिल्ह्यांमधली दरी थोडी कमी होऊ शकते, पण गावातल्या गावात ती बहुतेक वेळा वाढते, कारण पैसा जमिनीच्या मालकीप्रमाणे वाटला जातो. कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातलं पावगड बघा: सततच्या दुष्काळाचा तालुका, 2,050 मेगावॉटचा सौर पार्क, सुमारे 13,000 एकर जमीन. ती विकत न घेता भाडेपट्ट्यावर घेतली, आणि हे फार चांगलं केलं. सुरुवातीचं भाडं एकरी वर्षाला 21,000 रुपये, दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ. म्हणजे दहा एकरवाल्याला घरबसल्या 2 लाख 10 हजार, एकरवाल्याला 21 हजार. आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला शून्य, वर खुरपणी-कापणीची मजुरी गेली, शेळ्या चारायचं रानही कुंपणाआड गेलं. बांधकाम संपल्यावर उरतात ती पॅनल धुणं, गवत काढणं, राखण अशी मोजकी कामं. भूमिहीनांचा हा तोटा करारात धरलाच जात नाही, हे मला सगळ्यात खटकतं.

एक मात्र लक्षात घ्या: तिथली कोरडवाहू शेती आधीच तोट्यात होती, लोक कामासाठी बाहेर जातच होते. त्यामुळे सगळा दोष प्रकल्पावर टाकता येणार नाही.