तुझ्या तक्त्यातली सुटलेली ओळ

प्रिय पोरी,

तुझा तक्ता मिळाला. रात्री पावणेबाराला पाठवलायस, म्हणजे अजून झोप लागत नाही तर. वॉर्डाच्या निवडणुकीत 14 मतांनी पडल्यावर महिनाभर तरी लागत नाही. त्यावर मी जास्त बोलणार नाही.

तक्ता मात्र नेटका केलायस. सांगोला विधानसभा, गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष, 1962 ते 2014. जिंकलेली वर्षं हिरवी, हरलेली लाल. (लाल बावट्याच्या माणसाचा पराभव लाल रंगात दाखवणारी तू पहिलीच.) आणि खाली विचारलंयस, "तात्या, सगळीकडे 11 वेळा आमदार असं लिहिलंय, माझी बेरीज 10 च येते. कुठं चुकतंय? आणि 11 वेळा निवडून यायला नक्की काय लागतं?"

प्रश्न दोन आहेत, उत्तर एकच आहे. तुझ्या तक्त्यातली एक ओळ सुटली आहे. तू फक्त सार्वत्रिक निवडणुका घेतल्यास. 1962, 1967 ला आले. 1972 ला पडले. मग तू थेट 1978 वर उडी मारलीस. मधे 1974 ला सांगोल्यात पोटनिवडणूक झाली, तीत गणपतराव निवडून आले. ती ओळ घाल, बेरीज जुळेल.

आता त्या ओळीकडे जरा बघत बस. मी तीस वर्षं बघतोय.

पोटनिवडणूक ठरवून येत नाही. 1972 च्या मार्चमध्ये पडलेल्या माणसाला 1974 ला संधी येणार आहे हे कुणी कानात सांगितलेलं नसतं. त्याच्या हिशेबात पुढची निवडणूक पाच वर्षांनी. माणूस वकील होता, मूळचा मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. सांगोला काही त्याची वडिलोपार्जित जहागीर नव्हती. सोलापूरला जाऊन सुखानं वकिली करता आली असती, कुणी नावं ठेवली नसती. पण जो निघून जातो तो दोन वर्षांत पोटनिवडणूक जिंकत नाही. एवढं गणित तुलाही येतं.

आणि वर्ष कुठलं होतं ते बघ. 1972. तुमच्या पिढीला तो धड्यातला दुष्काळ. मी सात वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची. संध्याकाळी पदराच्या गाठीत सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचे ते पौष्टिक पीठ, बांधून आणायची, ती आम्ही भावंडं तळहातावर घेऊन चाटायचो. घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, लाल आणि चिवट. खडीच्या कामावर बाईला आमदार लागत नव्हता. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर नाव लागलं का, खडीचं माप बरोबर धरलं का, पगार कधी होणार, एवढंच विचारायला कुणीतरी लागायचं. असा माणूस निवडून आलेला आहे की पडलेला, हे ती विचारत नाही. त्या दुष्काळी कामांच्या मागणीतून आणि मोर्चांतून पुढं 1977 चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. 1999 ला गणपतराव मंत्री झाले तेव्हा रोजगार हमीचं खातं त्यांच्याकडेच आलं. तुझ्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. असायला हवा.

म्हणून सांगतो, 11 हा आकडा तुझ्या कामाचा नाही. तुझ्या कामाचे आकडे दोन, 1972 आणि 1995. पडल्यावर माणूस कुठं होता ते शोध.

1995 चं तर तुला माहीतच आहे, तो आकडा तू ठळक केलायस. 192 मतं. सलग चार सार्वत्रिक निवडणुका जिंकलेला, सत्तरीला टेकलेला माणूस शहाजीबापू पाटलांकडून 192 मतांनी पडला. त्या वयात आपल्याकडे लोक सत्कार घेतात, आठवणी लिहितात, नातवंडं खेळवतात. गणपतराव 1999 ला परत उभे राहिले आणि आले. मधली चार वर्षं? आपल्याच माणदेशात काढली. 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ चालू झाली होती. आटपाडीच्या पाणी परिषदा, कृष्णेच्या पाण्यातला आमचा वाटा, ते सगळं. गणपतराव त्यात आमदार असतानाही होते, नसतानाही होते. आज कृष्णेवरच्या टेंभू योजनेचं पाणी पाटात दिसतं तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसं चप्पल काढून उभी राहतात, तुला हसू येतं. हसू नकोस.

पडलीस तिथंच राहा. हे मी तुला फोनवर सांगितलं, निकालाच्या दिवशी सांगितलं, आता लिहून देतो. पडलीस तिथंच राहा.

मी राहिलो नाही.

ही गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. 1997 ची पंचायत समिती. तेव्हा मशीन नव्हतं, शिक्क्याच्या मतपत्रिका. टेबलावर पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, रबर लावलेले. माझ्या आणि त्याच्या गठ्ठ्यांची उंची डोळ्यांना सारखीच दिसत होती. मी दोन तास त्या उंचीकडेच बघत होतो. शेवटी 61 मतांनी गेलो. समोरच्या दारात गुलाल चालला होता म्हणून मागच्या दारानं बाहेर पडलो, आणि तिसऱ्या दिवशी पहाटेची पुण्याची एसटी धरली. पाहुण्यांच्या ओळखीनं एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागलो. सहा वर्षं बोल्ट मोजले.

कारणं होती. बहिणीचं लग्न ठरलं होतं, प्रचाराची उसनवारी डोक्यावर होती, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं होतं. आजही कुणी विचारलं तर ही तिन्ही कारणं मी याच क्रमानं सांगतो. ती खरी आहेत. पण बहिणीचं लग्न त्याच मे महिन्यात झालं. मग पुढची साडेपाच वर्षं मी पुण्यात काय करत होतो? गुलाल विसरायला बसलो होतो.

परत आलो तेव्हा वरच्या आळीची एक म्हातारी भेटली. निकालानंतर चौथ्या दिवशी ती संजय गांधी निराधारचा अर्ज घेऊन माझ्या दारात आली होती. प्रचारात मीच म्हणालो होतो, तुझं काम करतो म्हणून. दाराला कुलूप होतं. सहा वर्षांनी तिनं मला विचारलं, "तू पडलास, तवा माजी पेन्शन बी पडली व्हय रं?" रागानं नाही, खरंच विचारलं. तिचा अर्ज मी पुढच्या आठवड्यात तहसीलला नेऊन दिला. मंजुरी आली त्याच्या आधी महिनाभर ती गेली.

त्यानंतर मी गाव सोडलं नाही. दोनदा परत उभा राहिलो, दोनदा पडलो. म्हणजे तू म्हणू शकतेस, "तात्या, तुम्ही तर राहूनही आला नाहीत, मग तुमच्या सल्ल्याचा भाव काय?" म्हण. माझ्या बायकोनं म्हणून झालंय. पण मी पहिल्यांदा पडलो तेव्हा राहिलो असतो तर, हा प्रश्न माझा आहे, आणि तो तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून हा कागद खर्च करतोय.

आता त्या निरोपाकडे येतो. मोठ्या पक्षाचा तालुकाध्यक्ष घरी येऊन गेला, महिला आघाडीचं पद देतो म्हणाला, पुढं पंचायत समितीचं तिकीट. तू लिहितेस, "14 मतांचा फरक त्यांच्या चिन्हानं सहज भरून निघाला असता." निघाला असता, कोण नाही म्हणतं! पण पोरी, ज्या पक्षाचं नाव तू तक्त्याच्या डोक्यावर लिहिलंस, त्याचा इतिहास बघ. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी तो पक्ष उभा केला आणि काही वर्षांतच दोघंही काँग्रेसमध्ये परतले. मग यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण आलं, विरोधकांना काँग्रेसमध्ये ओढायचं, त्या बेरजेत शेकापची किती माणसं गेली याची मोजदाद नाही. गणपतराव पन्नासेक वर्षं सभागृहात होते आणि त्यातली बहुतेक वर्षं विरोधी बाकावर. मंत्रिपद दोनदाच, 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 ला विलासरावांच्या. एसटीत आमदारांसाठी राखीव जागेची पाटी असते, बघितलीस कधी? ती जागा खरंच वापरणारे आमदार म्हणून लोक त्यांचं नाव घेतात. मोठ्या घरातून बोलावणं आलंच नसेल असं तुला वाटतं का?

तू लगेच शहाजीबापूंचं उदाहरण टाकशील, मला माहीत आहे. काँग्रेसमधून शिवसेनेत गेले आणि 2019 ला आमदार झाले. बरोबर आहे. मी या उदाहरणावर बराच विचार केलाय, कारण ते माझ्या अंगावर येतं. पण बघ, झेंडा बदलला तरी बापूंनी सांगोला बदललं नाही. 1995 ला आले, 1999 ला पडले, 2004 ला पडले, 2014 ला गणपतरावांकडूनच परत पडले, आणि तरी तालुक्यातच. वीस वर्षं पडत राहिलेला माणूस 2019 ला 768 मतांनी आला. तेव्हा वयामुळं गणपतराव उभे नव्हते, नातू अनिकेत होते. म्हणजे झेंड्याबद्दल मी चुकत असेन, तुझं तू ठरव. जागेबद्दल मी चुकत नाही.

(आणि 2024 ला काय झालं? दुसरे नातू बाबासाहेब त्याच पक्षाकडून त्याच सांगोल्यात निवडून आले. घराणेशाही म्हणून तू नाक मुरडशील. मीही थोडं मुरडतो. पण 768 नं गेलेली जागा कुणी घरी बसून परत आणत नाही.)

एक दुरुस्ती तक्त्यात करून टाक. वर तू "देशातील विक्रम" असं लिहिलंयस, ते खोड. तमिळनाडूचे करुणानिधी 13 वेळा आले, एकदाही न पडता. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून 13 वेळा आले. फ्लेक्सवाल्यांना असले आकडे लागत नाहीत, आपल्याला लागतात. आणि खरं सांगू, मला करुणानिधींच्या आकड्यातून शिकायला काही मिळत नाही. जो कधी पडलाच नाही त्याचा मला काय उपयोग? मला 192 वाला माणूस लागतो.

अजून एक, सूतगिरणीचं. तू विचारलंस की निवडणुकांमधल्या काळात नक्की करायचं काय, नुसतं राहून काय होतं. नुसतं राहून काहीच होत नाही, बरोबर विचारलंस. सांगोला म्हणजे पर्जन्यछायेतला तालुका, कापसाचं पीक नावालाच. तिथं त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. महाराष्ट्रात कितीतरी सहकारी गिरण्यांच्या भोंग्यांना गंज चढला, ही चालत राहिली. गिरणीला रोज सकाळी माणूस लागतो. मतदानाच्या दिवशी लागतो तसा नाही, रोज. तुला गिरणी काढ म्हणत नाही. तुझ्या वॉर्डात अंगणवाडीच्या नळाला पाणी येत नाही म्हणून तूच प्रचारात ओरडत होतीस. निकाल लागून सव्वीस दिवस झाले. नळाला पाणी आलं का? गेली होतीस बघायला? तालुकाध्यक्षाशी बोलायला वेळ मिळाला आणि नळ बघायला नाही, याचा मला राग आलाय. हे पत्र त्या रागातच सुरू केलं होतं. आता बराच कमी झालाय.

पुण्याच्या वकिलाकडं ज्युनिअर म्हणून जायचं म्हणतेस, त्याला मी आडवा येणार नाही. घरचं तुझं तुला माहीत. पण जाणार असलीस तर ज्यांना शब्द दिलायस त्यांना सांगून जा. कुलूप लावून जाऊ नकोस. आणि शक्य असेल तर तालुक्याच्या कोर्टात सनद लाव. तिथंही केसेस असतात, फी कमी असते, पक्षकार मात्र मतदार यादीतलेच असतात. गणपतरावांनीही वकिली सांगोल्यातच केली.

रविवारी दुपारी ये. तुझी काकू थालीपीठ करणार आहे. येताना वॉर्डाची मतदार यादी आण, छापील आण. मोबाईलवर मला नावं दिसत नाहीत. जी 14 मतं तुला पडली नाहीत ती कुणाची, याचा अंदाज मला आहे, तुलाही असेल. नावावर बोट ठेवून एकेक घर बघू. त्यातलं तळ्याकाठचं पहिलं घर सोपं आहे, त्यांचा सातबारा तीन वर्षं अडकलाय. सोमवारी तलाठ्याकडं आपण दोघं जाऊ.

तुझा,
तात्या